उत्तर तीरावरची गुलबक्षी

विघ्नहर्त्याला पहिले वंदन. दुसरे वाग्देवीला, जिने वैजापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीच्या जिभेवर विभक्ती बसविल्या आणि त्या आजतागायत तिथून उतरू दिल्या नाहीत. तिसरे आमच्या वसाहतीतल्या देवीला. आपल्या गळ्यात काय घालावे याविषयी तिने कधी तक्रार केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. तक्रारी असतात त्या तिच्या भक्तांच्या.

उद्या घटस्थापना. त्या निमित्ताने हे लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी घटस्थापनेच्या दुपारी कुंपणभिंतीपाशी जे घडले त्याच्या दोन-तीन आवृत्त्या वसाहतीत फिरत आहेत. एका आवृत्तीत मी फावड्यासमोर आडवी झाले. दुसरीत मी मंदिराच्या अध्यक्षांना शाप दिला. मी आडवी झाले नव्हते, बसले होते. आणि शाप फळावा एवढे तप माझ्या गाठीला नाही. जे झाले ते जसे झाले तसे सांगते.

कोणत्याही पूजेआधी संकल्प करतात. आपण कोण, कोणत्या काळात, कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसून ही पूजा करीत आहोत, हे मोठ्याने म्हणायचे असते. देवाला ते ठाऊक नसते म्हणून नव्हे. ते आपल्याला ठाऊक आहे की नाही याची ती परीक्षा असते, असे माझे मत आहे. आमचे छत्रपती संभाजीनगर गोदावरीच्या उत्तरेला, म्हणून इथे ‘गोदावर्या उत्तरे तीरे’ असे म्हणावयाचे. आमच्या मंदिराचे नवे गुरुजी पुण्याकडे शिकलेले. त्यांच्या तोंडी ‘दक्षिणे तीरे’ बसलेले. दर संकल्पाला ते आमचा सारा उस्मानपुरा उचलून नदीपलीकडे नेऊन ठेवीत. मी मागून ‘उत्तरे’ म्हणे, ते मान डोलवून दुरुस्ती करीत, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा नदी ओलांडलेली असे. मुलगा सालस आहे, त्यामुळे या प्रवासाचा मला कधी राग आला नाही. पण आपण कुठे उभे आहोत हे बरोबर सांगितले पाहिजे, हा माझा हट्ट आहे, आणि पुढे जे घडले त्याच्या मुळाशी तोच हट्ट होता.

आमच्या भिंतीच्या बाहेर, रस्ता आणि नाली यांच्यामध्ये, मातीची एक अरुंद पट्टी आहे. ती वसाहतीच्या फाटकापासून निघते आणि विजेच्या डीपीवरून पुढे इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत जाते. तिच्यावर गुलबक्षी आहे. ती कोणी लावलेली नाही. जिथे आता चार मजली इमारत उभी आहे तिथे पूर्वी एका वकिलांचा बंगला होता आणि बंगल्याच्या बागेत गुलबक्षीचा वाफा होता. बंगला पाडला तेव्हा वाफाही गेला. पण तोवर तिच्या मिऱ्यांसारख्या काळ्या बिया, भिंतीखाली पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या भोकातून, बाहेर पडलेल्या होत्या. बागेतली म्हणून आलेली ती रस्त्याची झाली. आता हर्सूलकडे जातानाही ती दिसते, तुरुंगाच्या लांब भिंतीखाली, अर्थात बाहेरच्या अंगाला. उन्हाळ्यात ती वरून मरते आणि पाहणाऱ्याला वाटते, संपली. खाली रताळ्यासारखा कंद असतो, तो कोणाला दिसत नाही.

एकाच झुडपावर ती राणी रंगाची फुले देते आणि पिवळीही देते, आणि कधी एकाच फुलाची एक पाकळी पिवळी, दुसरी शिंतोडे उडाल्यासारखी. तिच्याकडून रंगाची हमी कोणाला घेता आलेली नाही. हमी आहे ती वेळेची. दिवसभर मिटून असते, उन्हे कलली की उमलते, सुगंध सोडते आणि सकाळी पुन्हा मिटते. सकाळच्या पूजेला तिचा काही उपयोग नाही. ती सांजेची आहे.

माझ्या घरात ही सांज माझ्याआधी माझ्या नणंदेला कळते. यजमान गेले तेव्हापासून आम्ही दोघीच राहतो. ती माझ्याहून थोडी लहान. मी तिला वन्सं म्हणते, ती मला वहिनी म्हणते, आणि या दोन संबोधनांच्या आडून आम्ही एकमेकींना जे बोललो आहोत ते लिहिण्यासारखे नाही. तिचे सारे आयुष्य वैजापूरला गेले. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू नेली. आधी सुईत दोरा जाईना. मग मोगरा सुटला, शेवंती सुटली, तगरीचा हार सुटला, कारण सुईवाचून ती फुले एकमेकांना धरीत नाहीत. गुलबक्षी तेवढी राहिली.

गुलबक्षीच्या फुलाला खाली लांब नळी असते. तीन फुले घ्यायची, त्या नळ्या केसांच्या पेडांसारख्या एकमेकींवर टाकायच्या, आणि प्रत्येक वळणाला एक नवे फूल त्यांत मिळवायचे. एकीची नळी संपण्याआधी दुसरीने तिला धरलेले असते. सुई लागत नाही, दोरा लागत नाही, डोळेही लागत नाहीत. लहान मुली अशी वेणी करताना सुरुवातीचे टोक पायाच्या अंगठ्यात धरतात, म्हणजे ताण राहतो. देवीच्या हाराला पाय कसा लावावा? म्हणून दुसऱ्या कोणीतरी टोक धरून बसावे लागते. आमच्या घरी ते काम माझे. वन्सं विणतात आणि मी हातात टोक धरून स्तोत्र म्हणते, आणि मध्येच त्या म्हणतात, ‘वहिनी, टोक सैल पडलं, देव नंतर धरा.’

रोज दुपारचा चहा झाला की त्या रस्त्याकडच्या खिडकीपाशी बसतात आणि विचारतात, ‘बाया उठल्या का?’ बाया म्हणजे फुले. आभाळ आले की बाया लवकर उठतात, ऊन कडक असले की उशिरा. मी परडी घेऊन जाते, फुले आणते. वेणी होते, ओल्या फडक्याखाली तबकात ठेवून मी ती मंदिरात नेते, आणि सांजआरतीला ती देवीच्या गळ्यात असते. वन्सं स्वतः मंदिरात येत नाहीत. पायऱ्यांवर कोणी हात धरून चढविलेले त्यांना खपत नाही. त्यामुळे हार मीच करते असा साऱ्यांचा समज होता, आणि तो तसाच राहू द्यावा अशी त्यांची ताकीद होती.

गेल्या वर्षी मंदिराची कमिटी बदलली. नवा अध्यक्ष माझा विद्यार्थी निघाला, मी संस्कृत शिकवीत असे त्या वैजापूरच्या शाळेतला. शेतकरी घरातला सरळ मुलगा, आता त्याची मुले मोठी झाली. भक्ती मनापासूनची, उत्साह त्याहून अधिक. शाळेत असताना त्याला सप्तमी विभक्ती कधी साधली नाही. गावात राहतो म्हणायचे तर ‘ग्रामे वसामि’, हा दर वेळी ‘ग्रामं वसामि’. मी म्हणे, अरे, गावात राहायचे असेल तर सप्तमी लागते. तो म्हणे, बाई, मी राहतोय ना, मग झालं.

नवरात्राच्या आधी तो घरी आला. अजूनही माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवरच बसतो. चहा घेतला, प्रकृती विचारली, मग बोलू लागला. यंदा नऊ दिवसांचे नऊ रंग पाळायचे ठरले होते. देवीची साडी, मखर, बायकांच्या साड्या आणि हारसुद्धा त्या त्या दिवसाच्या रंगाचा. हारांची ऑर्डर गेली होती. मी विचारले, ज्या दिवशी करडा रंग असेल त्या दिवशी करड्या रंगाचे फूल कोणते? त्याने निरागसपणे सांगितले की फूलवाला शेवंती फवारून देतो, निळीसुद्धा मिळते.

गुलबक्षीविषयी त्याच्या तीन अडचणी होत्या. ती नालीकाठची. तिचा रंग एका दिवसाला एक असा नेमून देता येत नाही. आणि तिचे नाव. कमिटीतल्या काहींनी म्हटले होते की देवीच्या गळ्यात ‘गुल’ नको, ते आपले नव्हे, फूलही आपले नव्हे, समुद्रापलीकडून आलेले.

‘बाई, एक मेहेरबानी करा,’ तो म्हणाला. ‘नाव तेवढं बदलून द्या. संस्कृतमध्ये काहीतरी. मग मी कमिटीत शिफारस करतो.’

‘मेहेरबानी आणि शिफारस, या दोघींना आधी संस्कृतात ने,’ मी म्हणाले. ‘मग गुलबक्षीचं बघू.’

आतल्या खोलीतून वन्संच्या हसण्याचा आवाज आला. तोही हसला, पण हलला नाही. नाव घडविणे मला अवघड नव्हते. संध्या आणि पुष्प यांचा समास पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करील. तो माझ्या जिभेवर आलेलाही होता. मी तो गिळला. समास करता येतो म्हणून नाव ठेवता येत नाही. नाव ठेवायचा अधिकार ज्यांनी तिला हाक मारली त्यांचा, आणि माझ्या आईने, आजीने, वैजापूरच्या बाजारात परडी घेऊन बसणाऱ्या माळिणीने तिला गुलबक्षी अशीच हाक मारली. ती त्या हाकेला आली. आता म्हातारपणी तिला दुसऱ्या नावाने उठवायला मी कोण?

हे सगळे मी त्याला सांगितले नाही. एवढेच म्हणाले, ‘फूल वाहताना आपण काय म्हणतो? ऋतुकालोद्भवपुष्पं समर्पयामि. ऋतूने आणि काळाने उगवलेलं फूल. त्यात ऋतू विचारलाय, काळ विचारलाय. गाव विचारलेलं नाही, रंग विचारलेला नाही. आणि फवारलेल्या शेवंतीचा ऋतू कोणता, ते तूच सांग.’

मला शिकविले आहे की पूजेला स्वतःच्या बागेतले फूल उत्तम, रानात आपोआप आलेले मध्यम, आणि विकत आणलेले सर्वांत खालचे. हेही मी त्याच्यापुढे मांडले. रस्त्याकडेला आपोआप उगवले ते रानातलेच समजावे, असा माझा निर्णय होता. त्याने मान खाली घालून ऐकले, जसे वर्गात ऐकत असे, आणि वर्गात जसे होई तसेच झाले. जाताना दारात वळून तो म्हणाला की हाराचे पाहता येईल, पण ती पट्टी तशीही साफ होणार आहे. नवरात्रात गाड्या लावायला जागा नाही, तिथे सिमेंटचे गट्टू बसविणार, घटस्थापनेच्या दुपारीच. देवीच्याच कामासाठी, बाई.

तो गेल्यावर वन्सं भिंत चाचपडत बाहेर आल्या. मी म्हणाले, आता मला सांगू द्या त्याला, हार कोण करते ते. तो कठोर नाही, ऐकेल.

‘माझ्या डोळ्यांच्या नावानं भीक मागायची नाय,’ त्या म्हणाल्या. ‘हार नको असला तर नको. देवीला काय कमी हाय? पर वहिनी, बाया गेल्या तर मला सांज कुठनं कळंल?’

त्यांना खिडकीतून उजेड दिसत नाही. घड्याळ विचारणे त्यांना आवडत नाही. सबंध दिवसात कोणी न सांगता त्यांना कळणारी गोष्ट एकच होती, आणि तिच्यावर गट्टू बसणार होते. शिवाय ते का बसू नयेत याचे खरे कारण सांगायला मला मनाई होती.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर शेजारच्या इमारतीतल्या बाई भेटल्या. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, सारा उस्मानपुरा त्यांना सिस्टर म्हणतो. पौर्णिमेला विहारातल्या सायंवंदनेसाठी त्या याच पट्टीवरची पांढरी गुलबक्षी नेतात. पांढरी तुमची, रंगीत आमची, असा आमचा जुना करार. मी त्यांना सगळे सांगितले.

‘म्हणजे फुलाचीसुद्धा जात काढली म्हणा तुमच्या कमिटीनं,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी विचारले, मग आता काय करणार? मी म्हणाले, देवीचा पाठ करणार. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे पथ्य न पाळणाऱ्या रोग्याकडे पाहत असाव्यात. म्हणाल्या, ‘हो, तुम्हाला तेच येतं.’

मला तेच येते, हे खरे आहे.

देवीच्या पाठाचे नियम आहेत. आसन घालून एकदा आरंभ केला की मध्ये उठायचे नाही. मध्ये बोलायचे नाही, खूणही करायची नाही. आणि पाठ चालू असता पाठकाला उठविणाऱ्याला दोष लागतो, हे देवीच्या प्रत्येक भक्ताला ठाऊक असते. अध्यक्ष तर मोठा भक्त. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी घट बसला. दुपारी जेवण आवरल्यावर मी पाट, त्यावर घालायची लोकरीची धाबळी आणि पोथी घेऊन भिंतीबाहेर गेले. डीपीच्या पलीकडे, मिटलेल्या गुलबक्षीला पाठ लावून, पूर्वेकडे तोंड करून बसले आणि संकल्प केला. देश सांगितला, काळ सांगितला, उत्तर तीर सांगितले. मग वाचायला लागले.

मी आयुष्यात अनेक पाठ केले, पण त्या दिवसाइतका सावकाश कधीच केला नाही. प्रत्येक संधी सोडवून म्हटला. प्रत्येक विसर्ग पूर्ण होऊ दिला. शुद्ध उच्चाराला कोणी हरकत घेऊ शकत नाही.

फावडी-टोपली घेऊन एक जोडपे आले. त्यांनी फाटकाच्या बाजूने काम सुरू केले, आणि तिथली काही झुडपे माझ्या डोळ्यांदेखत उपटली गेली. मी वाचत राहिले. सरकत सरकत ती दोघे डीपीपाशी आली, मला पाहिले आणि थांबली. बाईने चप्पल काढली, हात जोडले आणि नवऱ्याला खाली बसायची खूण केली. ती दोघे टपरीच्या सावलीत टेकली. इस्त्रीवाल्याने त्यांना पाणी दिले.

अध्यक्षाला बोलावणे गेले. तो आला. त्यानेही चप्पल काढली. आणखी काही मंडळी जमली. कोणी म्हणाले, अध्याय संपला की विचारू. अध्याय संपला. मी श्वास घेतला आणि पुढचा आरंभिला. कोणीतरी हळूच म्हणाले, ‘बाई ऐकत नाय.’ अध्यक्ष म्हणाला, ‘वर्गातपण अशाच करायच्या. घंटा झाली तरी.’

ऊन भिंतीवरून उतरले. माझ्या पाठीमागे सुगंध सुटला. बाया उठल्या हे मला कळले, आणि हेही कळले की आज परडी घेऊन कोणी येणार नाही, कारण परडीवाली इथे बांधली गेली आहे. पाठाचा विचार मी केला होता, हाराचा केला नव्हता.

तेवढ्यात आमच्या खिडकीतून हाक आली. ‘वहिनी!’ मी उत्तर देऊ शकत नव्हते. पुन्हा हाक आली. काही वेळाने फाटकातून सिस्टर येताना दिसल्या, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून माझी नणंद. जी पायऱ्यांवर कोणाला हात धरू देत नव्हती ती साऱ्या वसाहतीदेखत, उपटलेली झुडपे पायांनी चाचपत, रस्त्याने येत होती. लोकांनी वाट दिली. मी ओळ चुकले, आणि नियमाप्रमाणे ती पुन्हा म्हटली.

‘बाया कवाच्या उठल्या,’ वन्सं मला म्हणाल्या, ‘आन् तुम्ही अजून बसल्याच?’

लोक हसले. सिस्टरांनी त्यांना जमिनीवर बसविले. त्यांनी हात पुढे केले आणि वासाच्या मागाने, पानांना धक्का न लावता, उमललेली फुले खुडायला लागल्या. मिटलेल्या कळीवर बोट गेले की बोट मागे येई. पदरात फुले साठली. मग त्यांनी तीन फुले घेतली आणि नळ्या एकमेकींवर टाकल्या.

टोक धरायला माणूस हवे होते. माझ्या हातांत पोथी. सिस्टर त्यांच्या पाठीला आधार देऊन उभ्या. वन्संनी टोक समोर केले आणि कोणाला ते न पाहता, पाहणे शक्यच नव्हते, म्हणाल्या, ‘धर.’

समोर अध्यक्ष होता. त्याने इकडेतिकडे पाहिले, मग गुडघे टेकले आणि टोक धरले.

‘सैल धर. कासरा न्हाय हा.’

त्याने सैल धरले. ‘कुणाचा रं तू?’ वन्संनी विचारले. त्याने वडिलांचे नाव आणि गाव सांगितले. वैजापूरच्या बाजारसमितीत त्याचे वडील कांद्याची गाडी घेऊन येत, हे वन्संना आठवत होते. गाडीपेक्षा आवाज मोठा होता त्यांचा, असेही त्या म्हणाल्या. तो हसला. वेणी वाढत गेली तसा त्याला हात मागे न्यावा लागला, आणि गुडघ्यांवर मागे सरकत सरकत तो शेवटी नालीच्या कडेला जाऊन टेकला. सोडता येत नव्हते. ती वेणी मध्येच सोडली तर सगळी उलगडते.

‘मावशी,’ त्याने बऱ्याच वेळाने विचारले, ‘रोजचा हार तुम्हीच करता?’

‘मग काय तुझी बाई करती? तिला टोक धरता येत नाय धड.’

त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून खूण केली नाही. मला तसे करण्याची मुभा नव्हती, आणि सांगायचे तर गरजही नव्हती.

फलश्रुती वाचून मी पाठ संपविला तेव्हा हारही संपत आला होता. शेवटच्या नळ्या वन्संनी एकमेकींत खोवल्या. अध्यक्ष उठला, गुडघ्यांची माती न झटकता टपरीपाशी गेला आणि त्या जोडप्याला म्हणाला की आज एवढेच राहू द्या. बाईने फावडे टोपल्यात टाकले आणि जाताना दोन राणी फुले खुडून केसांत खोवली. त्यालाही कोणी हरकत घेतली नाही.

सिस्टर माझा पाट उचलू लागल्या. मी नको म्हटले, तरी उचलला. ‘तुम्हाला तेच येतं,’ त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी स्वर वेगळा होता.

त्या संध्याकाळी वन्सं मंदिराच्या पायऱ्या चढल्या. कोणाचा हात धरून, ते त्यांच्या इच्छेविरुद्ध लिहिणार नाही. देवीच्या गळ्यात त्या दिवसाच्या रंगाचा, ऑर्डरचा हार होताच. अध्यक्षाने गुरुजींना सांगून गुलबक्षी त्याच्या आत, गळ्यालगत घालून घेतली. आरतीआधी गुरुजींनी संकल्प आरंभिला, आणि सवयीप्रमाणे ते गोदावरीपाशी येऊन दक्षिणेकडे वळले. मी दुरुस्ती करणार, तोच माझ्या पुढून, मोठ्या आवाजात, आवाज वडिलांवरच गेला असावा, अध्यक्ष म्हणाला, ‘गुरुजी, उत्तरं तीरं.’

विभक्ती चुकली होती. तीर बरोबर होते. मी पहिल्यांदाच त्याला गुण दिले.

फाटकाकडचा तुकडा गेला तो गेलाच. त्यावर आज गट्टू आहेत, गाड्या उभ्या असतात, आणि ते मी विसरलेले नाही. डीपीपासून टपरीपर्यंतची पट्टी राहिली. नवरात्रातल्या पुढच्या दिवसांत कधी अध्यक्ष टोक धरायला येई, कधी येत नसे. आला की वन्सं त्याला पकड शिकवीत आणि मी सप्तमी. वन्सं म्हणतात की त्याची पकड सुधारली.

यंदा कमिटीत पुन्हा उरलेल्या पट्टीची गोष्ट निघाली आहे, असे कानावर आहे. गाड्या वाढल्या आहेत. कोणी मला म्हणाले, बाई, दर वर्षी का भांडता, एका कुंडीत लावून घ्या ना दोन रोपे, खिडकीत ठेवा. सल्ला प्रेमाचा होता. पण जी बागेतून स्वतःच्या पायांनी बाहेर आली, जिने रस्ता घर मानले, तिला पुन्हा कुंडीत घालणे हा तिचा सांभाळ नव्हे. ती जिथे उगवली ते तिचे तीर. तिथेच ती देवीची आहे. मी पोथी पुसून ठेवली आहे. पाटाचा एक पाय डुगडुगत होता, तो ठोकून घेतला आहे. मागच्या वर्षी पाठ सावकाश झाला असे लोक म्हणतात. यंदा माझ्या दातांची कवळी नवी आहे, उच्चार जपून करावे लागतात. आणखी सावकाश होईल.

वन्सं खिडकीपाशी बसल्या आहेत. आता विचारतील, मला हे मिटवून उठले पाहिजे.

वाचकहो, तुमचे घर ज्या नदीच्या ज्या काठावर असेल तो काठ तुमच्या मुलांना नीट सांगता यावा. तुमच्या दाराबाहेर, कोणी न लावलेले, काही ना काही उमलत राहो, आणि ते ज्याला फार लागते त्याच्यापर्यंत त्याचा वास पोहोचो. घरातल्या विणणाऱ्या हातांना बळ मिळो, आणि त्यांच्यासमोर टोक धरून बसणारे माणूस तुमच्या घरी कधी कमी न पडो. आमच्या देवीची कृपा तुमच्यावर राहो, आणि तुमच्या उंबऱ्यावरची सांज रोज दिवा घेऊन येवो.